सोयाबीन विकायचं की ठेवायचं? संगणकाचा आकडा असा वाचा



रोजचं दरपत्रक उघडलं की नजर आधी ‘जास्तीत जास्त’ दरावर जाते. तो एखाद्याच चांगल्या ढिगाला मिळालेला असू शकतो. तुम्ही ‘सर्वसाधारण दर’ बघा, आणि शेजारची आवक.

आता हिशेब. 14 टक्के ओलाव्याच्या सोयाबीनला आज क्विंटलला 4,500 मिळतात असं धरू. तोच माल 10 टक्क्यांवर वाळला की क्विंटलचे साडेपंच्याण्णव किलो उरतात. बाजार समितीत माल ठेवून 75 टक्के तारण कर्ज 6 टक्क्यांनी घेतलं, तर तीन महिन्यांचं व्याज 50 रुपये. म्हणजे भाव 4,760 झाला तर फक्त बरोबरी!

वाळल्या मालाला दर जरा बरा मिळतो, हेही खरं. पण संगणकाला ओलावाच चुकीचा सांगितला, तर त्याचा ‘ठेवा’ हा सल्लाही चुकणार. आणि दुकानदाराची उधारी, पोरांची फी त्याला दिसत नाही. ती तुम्हीच धरायची. गरजेपुरता विकून बाकीचा ठेवला तरी चालतंय.

ओलावा दाताखाली चावून ठरवू नका. किलोभर नमुना संकलन केंद्रावर आणा, मीटरवर मोजून देऊ. किती पोती शिल्लक आहेत, तेही शनिवारपर्यंत ग्रुपवर टाका.