आधी वायर, मग टीबी

भाचीबाई, शिरोलीत डिझाइनला लागलीस, हाती ऑटोकॅड इलेक्ट्रिकल आलं, बरं झालं. मी कळंब्याच्या आयटीआयमधून वायरमन होऊन बाहेर पडलो तेव्हा टीबीचा, म्हणजे टर्मिनल ब्लॉकचा, चार्ट फूटपट्टी घेऊन कागदावर आखायचो. आता मशीन काढून देतं. पण काल फोनवर म्हणालीस ना, "मामा, चार्टमध्ये ११ नंबरला वायरच येत नव्हती, मग मी एक्सेलमध्ये हातानं लिहिली," तेव्हा माझ्या पोटात गोळा आला. ते आधी बंद कर.

चार्ट ड्रॉइंगमधून निघतो. कुंकू तिरकं दिसलं म्हणून कुणी आरसा पुसत बसत नाही. तू एक्सेलमध्ये दुरुस्ती केलीस, उद्या रिव्हिजन आली की चार्ट पुन्हा निघणार आणि तुझी ११ नंबरची वायर पुन्हा गायब. तोवर गाळ्यातल्या वायरमनकडे एक कागद, साइटवर दुसरा. मग भांडणं.

टर्मिनल आहे आणि वायर नाही, असं दिसलं की टीबीकडे बघूच नकोस, वायरकडे बघ. सॉफ्टवेअरला प्रत्येक रेघ म्हणजे वायर वाटत नाही. वायरच्या लेयरवर असेल तीच वायर. घाईत साध्या लाइननं ओढलेली रेघ डोळ्याला तशीच दिसते, पण सॉफ्टवेअरच्या लेखी ती नुसतं चित्र. दुसरं कारण, रेघेचं टोक टर्मिनलला टेकलेलंच नसतं. पडद्यावर टेकल्यासारखं दिसतं, झूम केलं की मध्ये फट. माझी युक्ती सांगतो: स्कूट कमांड घे आणि टर्मिनल जरा बाजूला सरकव. वायर मागोमाग आली तर जोडलेली आहे. जागेवरच राहिली तर सापडला चोर. लांबची वायर असेल तर ट्रेस लाव, कुठं तुटते ते उजळून दिसतं. आणि वायर एका शीटवरून दुसऱ्यावर जात असेल तर दोन्हीकडच्या बाणांचे कोड जुळतात का ते बघ. एकीकडे बाण टाकून दुसरीकडे विसरणं, हे तर माझ्याकडूनच किती वेळा झालंय.

टर्मिनलच्या पट्टीच्या नावाची चूक मात्र फार वाईट. ती दिसतच नाही. ऑगस्ट २०१९ चा पूर तुला आठवत असेल, पंचगंगेचं पाणी शिरोलीजवळ हायवेवर आलं होतं. पलीकडे एका फाउंड्रीत आमचं सँड प्लांटचं पॅनेल अर्धवट वायरिंग होऊन उभं होतं आणि एक फिटर तिथंच अडकला होता. बसून तरी काय करणार, म्हणून त्यानं टीबी तपासायला घेतली. इकडे उद्यमनगरात मी प्रिंट पसरून फोनवर. मध्येच तो म्हणाला, "काका, २३ नंबर दोनदा हाय की हितं!" वीज नव्हतीच, त्यामुळे बझर लावायला भीती नव्हती. एक टोक लिमिट स्विचच्या वायरला, दुसरं आधी पहिल्या २३ ला, मग दुसऱ्या २३ ला. पहिल्यावर वाजला. दुसरा २३ मिक्सरच्या स्विचचा निघाला. दोन तास गेले. चूक माझी होती. एका शीटवर पट्टीचं नाव एक्स-२ असं मध्ये रेघ देऊन, दुसऱ्यावर बिनरेघेचं एक्स२. ती शीट जुन्या जॉबवरून उचललेली. सॉफ्टवेअरनं निमूटपणे दोन पट्ट्या केल्या, वायरमननं दोन्ही एकाच चॅनेलवर शेजारी बसवल्या. म्हणून सांगतो, जुना जॉब कॉपी केलास की प्रोजेक्टमधल्या सगळ्या पट्ट्यांची यादी आधी काढ. पॅनेलमध्ये चार पट्ट्या आणि यादीत पाच नावं, तर काहीतरी शिजतंय. स्पेस, रेघ, इंग्रजी ओ आणि शून्य, यांच्यावर डोळा ठेव.

चार्टमध्ये आतली बाजू-बाहेरची बाजू उलटी येते म्हणालीस, त्याचं मूळ बहुतेक वेळा लोकेशनमध्ये असतं. बाहेरच्या पुश बटणाला, लिमिट स्विचला लोकेशन दिलंच नाहीस तर सॉफ्टवेअरला कसं कळणार की ते पॅनेलबाहेर आहे? स्ट्रिप एडिटरमध्ये बाजू बदलता येते, ते खरं. पण एकेक बदलत बसण्यापेक्षा लोकेशन भर. साइटवर केबल ओढणारा फक्त बाहेरची बाजू बघतो. आतली वायर तिकडे दिसली की तो ती केबलमध्ये शोधत बसतो.

लूपिंगचंही तेच. २४ व्होल्टचा कॉमन शॉर्टिंग लिंकनं द्यायचा की वायरनं, एकदा ठरव. एडिटरमध्ये जंपर लावलास आणि ड्रॉइंगमध्ये लूपच्या वायरीही राहू दिल्यास, तर एका स्क्रूखाली तीन वायरी येतात. तिसरी, स्क्रू कसला तरी, हातानं ओढल्यावर सुटते, मी ओढून बघतोच. आणि २४ व्होल्ट आणि २३० व्होल्ट एका पट्टीवर ठेवू नकोस. दहाला दोन टर्मिनल स्पेअर सोड, मालक कुरकुरला तरी.

चार्ट काढण्याआधी प्रोजेक्टचा डेटाबेस रिबिल्ड कर, मग इलेक्ट्रिकल ऑडिट चालव. ऑडिटची यादी लांब आली की घाबरायचं नाही, चहा घेऊन एकेक ओळ खोडायची.

फेरूलचं, म्हणजे वायरवरच्या नंबराच्या नळीचं, एक राहिलं. टर्मिनलच्या चिन्हातच ठरतं, वायरचा नंबर पलीकडे तोच राहणार की बदलणार. चुकीचं चिन्ह घेतलंस तर एकाच टर्मिनलच्या दोन बाजूंना दोन वेगळ्या नंबरांचे फेरूल येतात आणि वायरमन तुला फोन करतो. शिवाय इंग्रजी आकड्यांतलं 61 उलटं धरलं की 19 वाचलं जातं, 68 चं 89 होतं. फेरूल कोणत्या दिशेनं वाचायचं ते पॅनेलच्या पहिल्या दिवशीच सांगून ठेव.

रविवारी ये, ११ नंबरची शीट घेऊन. ए-थ्रीवर प्रिंट काढ, ए-फोरवर मला आता वायर नंबर दिसत नाहीत.