धनुर्धराचा चष्मा आणि वन्यजीव कायदा : वाचकांचे प्रश्न

प्रश्न १ : चाळिशी लागलेल्या धनुर्धराला स्पर्धेत नंबरचा चष्मा किंवा भिंग वापरता येते का? (मुलुंड)

उत्तर : नंबरचा चष्मा, नेमबाजीचा चष्मा आणि गॉगल या तिन्हींना जागतिक तिरंदाजी महासंघाच्या नियमांत परवानगी आहे. मात्र काचेला बारीक छिद्र किंवा नेम धरायला उपयोगी पडेल अशी कोणतीही खूण नसावी. दुसरा डोळा झाकायचा असल्यास त्या बाजूची काच पूर्ण झाकावी किंवा डोळ्यावर पट्टी बांधावी.

धनुष्यावरच्या भिंगाचे नियम धनुष्याच्या प्रकारानुसार बदलतात. ऑलिम्पिकमधून परिचित असलेल्या रिकर्व्ह धनुष्याच्या साइटमध्ये, म्हणजे नेम धरण्याच्या साधनात, भिंग, लोलक, पातळी दाखवणारे साधन किंवा विजेवर चालणारे कोणतेही उपकरण चालत नाही. कंपाउंड धनुष्याच्या साइटमध्ये प्रतिमा मोठी करणारे भिंग आणि पातळी दोन्ही चालतात. दोरीत पीप, म्हणजे नजर रोखण्याचे छोटे छिद्र, बसवण्याचीही मुभा असते. साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे २०२३ मध्ये बर्लिन येथे विश्वविजेते झाले ते याच कंपाउंड प्रकारात. बेअरबो प्रकारात साइटच नसते, त्यामुळे तेथे नजरेचा आधार केवळ चष्मा किंवा कॉन्टॅक्ट लेन्स.

प्रश्न २ : रोजचा चष्मा धनुर्विद्येला पुरतो का? (अंधेरी)

उत्तर : बऱ्याचदा पुरत नाही. रिकर्व्हचे लक्ष्य ७० मीटरवर असते, साइट हाताच्या अंतरावर आणि दोरी डोळ्याजवळ. चाळिशीनंतर डोळ्यातले नैसर्गिक भिंग ताठर होत जाते व इतक्या वेगवेगळ्या अंतरांवर पटकन स्थिरावत नाही. शिवाय बाण ओढताना मान वळलेली असते. नजर काचेच्या मध्यातून न जाता नाकाजवळच्या वरच्या कोपऱ्यातून जाते. प्रोग्रेसिव्ह काचेच्या कडांना प्रतिमा विकृत होते, आणि बायफोकलची रेघ आड येऊ शकते. म्हणून सरावासाठी केवळ दूरच्या नंबरचा वेगळा चष्मा सोयीचा. मोठ्या काचेची फ्रेम घ्यावी, बाण ओढतानाची मानेची स्थिती नेत्रतज्ज्ञांना प्रत्यक्ष दाखवावी आणि काचेचा मध्य त्या बेताने ठरवून घ्यावा. कंपाउंड वापरणाऱ्यांसाठी पीपमध्ये बसणारी छोटी भिंगेही मिळतात. पीपचे छिद्र लहान केले तर चित्र रेखीव होते, पण प्रकाश कमी पडतो. संध्याकाळच्या सरावात हे विशेष जाणवते.

प्रश्न ३ : धनुष्य बाळगायला परवाना लागतो का? (घाटकोपर)

उत्तर : क्रीडा धनुष्यासाठी बंदुकीसारखा परवाना काढावा लागत नाही. तरीही महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७ खाली पोलीस आयुक्त वेळोवेळी मनाई आदेश काढतात. इजा करण्यास उपयोगी पडेल अशी कोणतीही वस्तू सार्वजनिक जागी बाळगण्यास त्यात बंदी असू शकते. लोकलने जाताना धनुष्य सुटे करून बंद पेटीत ठेवावे, बाण नळीत ठेवावेत आणि क्लबचे ओळखपत्र जवळ असू द्यावे. सोसायटीच्या गच्चीवर किंवा मोकळ्या मैदानात सराव करू नये. चुकलेला बाण कुणाचाही जीव घेऊ शकतो. भटक्या कुत्र्याला किंवा मांजराला बाणाने जाणूनबुजून ठार किंवा अपंग केल्याचे सिद्ध झाले, तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२५ नुसार पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

प्रश्न ४ : संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात धनुष्य नेता येते का? (बोरिवली)

उत्तर : लेखी पूर्वपरवानगीशिवाय नाही. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत धनुष्यबाणाचा स्पष्ट उल्लेख आहे. अभयारण्यात शस्त्र नेण्यास मनाई करणारे कलम ३१ हे कलम ३५ मुळे राष्ट्रीय उद्यानालाही लागू होते. धनुष्य खेळाचे आहे, बाण बोथट आहे किंवा शिकारीचा हेतू नव्हता, एवढ्याने सुटका होत नाही. या भंगासाठी तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. उद्यानात प्रत्यक्ष शिकार केल्यास किमान तीन व कमाल सात वर्षे कैद आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे. कायद्यातील शिकारीच्या व्याख्येत प्राण्याला जखमी करणे, सापळा लावणे, आमिष दाखवणे आणि तसा नुसता प्रयत्नही येतो.

प्रश्न ५ : परदेशातील नातेवाइकाकडे धनुष्याने शिकार करण्याचा परवाना आहे. तो येथे चालतो का? (मुलुंड)

उत्तर : नाही. अमेरिकेत प्रत्येक राज्य शिकारीचा हंगाम, परवाना आणि साधनांचे नियम स्वतः ठरवते. भारतात १९७२ च्या कायद्याचे कलम ९ अनुसूचित वन्यप्राण्यांच्या शिकारीस मनाई करते, आणि छंदाच्या शिकारीसाठी परवान्याची सोयच ठेवलेली नाही. अपवाद मोजके आहेत : माणसाला धोकादायक ठरलेल्या किंवा पिकांची नासाडी करणाऱ्या प्राण्याबाबत अधिकृत अधिकाऱ्याचा लेखी आदेश, जीव वाचवण्यासाठी केलेली कृती आणि शिक्षण किंवा संशोधनासाठी दिलेली विशेष परवानगी. २००६ च्या वनहक्क कायद्यानेही आदिवासींचे पारंपरिक हक्क मान्य करताना शिकारीचा हक्क स्पष्टपणे वगळला आहे. गुन्ह्यात वापरलेले धनुष्य, भिंगे आणि वाहन जप्त होऊ शकते. बोरिवली, मुलुंडच्या वस्तीला लागून बिबट्या राहतो तो या संरक्षणाच्या बळावर. म्हणून शिकारीचे पाते असलेले बाण येथे आणूच नयेत. नजर सुधारून धरलेला नेम मैदानावरच्या कागदी लक्ष्यापुरता ठेवावा.