किडीच्या वेळापत्रकानुसार सल्ला : गुलाबी बोंडअळीचा धडा

हवामान, पेरणीचा काळ व वाणांचा प्रसार बदलला की किडींचे वेळापत्रकही बदलते. या बदलाचा अंदाज बांधता येतो. परंतु तो योग्य महिन्यात शेतकऱ्यापर्यंत पोहोचला नाही, तर निरुपयोगी ठरतो. कापसावरील गुलाबी बोंडअळी हे याचे बोलके उदाहरण होय.

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये मान्यता मिळाली आणि २००६ मध्ये दोन जनुकांचे वाण आले. एकजनुकीय वाणास ही अळी गुजरातमध्ये दाद देत नसल्याचे २०१० मध्ये जाहीर झाले. पुढे २०१४-१५ च्या सुमारास तेथेच दोन जनुकांच्या वाणांवरही ती आढळली. २०१७ मध्ये महाराष्ट्रात, तर २०२१ मध्ये पंजाबातील बठिंडा परिसरात तिने मोठे नुकसान केले. उत्तर भारतातील सुरुवातीच्या नोंदी जिनिंग व सरकी तेलाच्या गिरण्यांलगतच्या शेतांतील होत्या. प्रत्येक टप्पा पुढील प्रदेशासाठी पूर्वसूचनाच होता.

हंगामाच्या अखेरीस दिवस लहान व रात्री थंड झाल्या, की ही अळी सरकीत किंवा वाळलेल्या बोंडांत सुप्तावस्थेत जाते. पुढील हंगामाच्या तोंडावर पतंग बाहेर पडतात. त्या वेळी शेतात पात्या व फुले नसतील, तर त्यांची पुढची पिढी वाढू शकत नाही. म्हणजेच पुढील वर्षाच्या प्रादुर्भावाचा पाया चालू हंगामाच्या शेवटच्या महिन्यांत घातला जातो. सल्ल्याचा भर मात्र बोंडे लागल्यावर करावयाच्या फवारणीवर असतो. बोंडात शिरलेल्या अळीपर्यंत फवारणी पोहोचत नाही.

म्हणून सल्लासेवेत तीन बदल आवश्यक आहेत.

पहिला, सल्ल्याचा हंगाम वाढवावा. फरदड न घेणे, पऱ्हाट्यांची विल्हेवाट आणि पूर्वहंगामी लागवड टाळणे यांविषयीचे संदेश त्या-त्या कामाआधी पोहोचावेत. जिनिंगचालक व सरकीचे व्यापारीही या सेवेचे श्रोते असावेत.

दुसरा, तारखेऐवजी निरीक्षणावर सल्ला बेतावा. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री प्रत्येकी आठ पतंग, अथवा तोडलेल्या वीस हिरव्या बोंडांपैकी दोनांत अळी आढळल्यास आर्थिक नुकसानीची पातळी गाठली असे समजावे. डोमकळ्या दिसताच त्या वेचून नष्ट कराव्यात. महाराष्ट्रात २००९-१० पासून राबविला जाणारा क्रॉपसॅप हा कीड-रोग सर्वेक्षण प्रकल्प अशा नोंदींची उपयुक्तता दाखवितो.

तिसरा, सल्ल्याची किंमत शेतकऱ्याच्या बाजूने मोजावी. रब्बीसाठी पाणी नसलेल्या शेतकऱ्यास फरदडीची शेवटची वेचणी सोडणे म्हणजे हातचे उत्पन्न सोडणे होय. ओलावा असेल तेथे हरभऱ्यासारखा पर्याय सुचविता येतो. नसेल तेथे केवळ निषेध पुरेसा ठरत नाही. पंजाब-हरियाणात पऱ्हाट्या सरपण म्हणून रचल्या जातात. तेथे त्या नष्ट करण्याचा आग्रह धरण्यापेक्षा राहिलेली बोंडे झटकून नष्ट करणे, पऱ्हाट्यांचे ढीग शेतापासून दूर रचणे आणि पुढील लागवडीपूर्वी त्या वापरून संपविणे हा सल्ला अधिक पाळला जाईल.

पतंग एका बांधावर थांबत नाहीत. गावातील काही शेतांत फरदड राहिली तरी इतरांचे श्रम वाया जातात. त्यामुळे पूर्वानुमानाची कसोटी किती संदेश पाठविले ही नसून, किती गावांनी एकत्रितपणे हंगाम वेळेवर संपविला ही असावी.