वेशीवर काट्या टाकण्याआधी

अगं, आधी तो साथीचा व्हिडिओ पुढे ढकलायचं थांबव, मग बोलू. भिशीच्या ग्रुपवर टाकलास, माहेरच्या ग्रुपवर टाकलास आणि वर मलाही पाठवलास. त्यात बोलणारा माणूस कोण, कुठल्या तालुक्यातला, व्हिडिओ कधीचा, काही म्हणजे काही कळत नाही. मागे दवाखान्याच्या खाटा आणि रडकं संगीत, एवढ्यावर तुझी झोप उडाली. 2025 च्या जानेवारीत एचएमपीव्हीचं असंच झालं होतं. चीनमधल्या दवाखान्यांची गर्दी मोबाइलवर फिरली आणि आमच्या आळीतल्या बाया विचारायला लागल्या, आता परत शाळा बंद का गं? आणि तो विषाणू डॉक्टर लोकांना 2001 पासून माहीत होता. नवा होता तो फक्त आपल्या ग्रुपला.

घाबरू नकोस असं मी सांगणार नाही. ज्याच्या घरात म्हातारी माणसं आणि लेकरं आहेत त्याने थोडं घाबरलेलंच बरं. पण भीती कुठे जाऊन बसते ते बघत जा. विषाणू काही डोळ्याला दिसत नाही. मग ती दिसेल त्याच्यावर बसते. कोंबडीवर, टॅक्सीवाल्यावर, पुण्याहून आलेल्या पाहुण्यावर.

तू 2020 ला दहावीत होतीस. भूगोलाचा पेपर राहिला तो राहिलाच, म्हणून खूश होतीस. त्याच्या आधीचं तुला आठवणार नाही, मी सांगते. फेब्रुवारीतच कुणीतरी सोडून दिलं की चिकन खाल्ल्याने कोरोना होतो. आपल्या जिल्ह्यात तेव्हा एक रुग्ण नव्हता. पण शिरूर-दौंड पट्ट्यात पोल्ट्रीचे शेड किती आहेत ते तुला माहीत आहे, निम्म्यांवर बँकेचं कर्ज. पशुसंवर्धनवाले ओरडून सांगत होते, काही संबंध नाही, बिनधास्त खा. ऐकतंय कोण! कोंबडीचा दर इतका पडला की खाद्याचा खर्चही निघेना. लोकांनी पक्षी फुकट वाटले, काही ठिकाणी खड्डे काढून पिल्लं पुरली. आणि उन्हाळ्यात तेच चिकन महाग झालं तेव्हा तेच लोक रांगेत उभे. मेसेज पाठवणाऱ्याचं काय गेलं? शेडवाल्याचं मात्र वर्ष गेलं.

मग होळीच्या दिवशी, 9 मार्चला, पुण्यात पहिले दोन रुग्ण निघाले. दुबईला फिरून आलेलं जोडपं. महाराष्ट्रातले ते पहिले. धुळवडीला कळलं की त्यांच्या मुलीलाही झालाय, विमानातल्या एका सहप्रवाशालाही आणि मुंबईहून त्यांना पुण्यात सोडणाऱ्या टॅक्सीवाल्यालाही. तिथून पुढे आजार बाजूलाच राहिला, 'कुणाला झाला, कुठला आहे, कुणाचा पाहुणा आहे' एवढंच सुरू झालं. पाडवा आला 25 मार्चला, देश बंद झाला त्याच दिवशी. गुढ्या उभ्या राहिल्या, पण गावोगावच्या जत्रा गेल्या, तमाशाच्या सुपाऱ्या गेल्या. आणि गावांनी वेशीवर काट्या टाकल्या.

त्या काट्यांचंच तुला सांगायचंय.

आमच्या शेजारच्या गावातली एक मुलगी हडपसरला दिलेली. पहिलं बाळंतपण, आठवा लागलेला, माहेरी येणार हे ओटी भरली तेव्हाच ठरलेलं. बापाने धडपड करून पास काढला आणि तिला घेऊन आला. वेशीवर लिंबाचा ओंडका आडवा, त्यावर बाभळीच्या काट्या, पलीकडे तोंडाला उपरणी बांधलेली दहा-बारा माणसं. त्यातला एक तिचा सख्खा चुलता. आत घेणार नाही म्हणजे नाही. शेवटी पोलीस पाटील आले, मग जिल्हा परिषदेच्या शाळेत दुसरीचा वर्ग उघडून दिला. बाकं एका कडेला सारलेली, फळ्यावर मार्चातली तारीख तशीच. शाळेच्या मुतारीला दार नव्हतं. तिच्या आईने जुनं लुगडं दोरीला बांधून आडोसा केला. डबा कंपाउंडच्या भिंतीवर ठेवायचा आणि आईने दहा पावलं मागे सरायचं, मग लेकीने उठून घ्यायचा. पोट धरून उठायची ती. चौदा दिवस काढले. तिला शिंकसुद्धा आली नाही.

वेगळं ठेवलं याला माझी हरकत नाही बरं का. वेगळं ठेवायलाच हवं होतं, तोच उपाय होता तेव्हा. पण चुलत्याने ज्या शब्दांत तिला परत जायला सांगितलं, ते सगळ्या गावाने ऐकलं. आणि त्याचा परिणाम आठवड्यात दिसला. मुंबईहून एक पोरगा रात्रीचा आला, वेशीतून नाही, चासकमानच्या कालव्याच्या कडेकडेने. घरच्यांनी त्याला उसातल्या मोटारीच्या पत्र्याच्या खोलीत ठेवला. आशाताई वही घेऊन दारात आली, बाहेरून कोण आलंय का विचारायला. आई म्हणाली, "कोण नाय. पोरगं मुंबईलाच हाय." त्याला ताप होता की नव्हता, खोलीवर भाकरी घेऊन कोण जात होतं, ती भाकरी देणारी परत येऊन कुणाच्या ओट्यावर बसत होती, हे आजतागायत कुणाला ठाऊक नाही. काट्यांनी माणूस अडला नाही, त्याची खबर अडली.

तेव्हा बाहेरगावाहून आलेल्यांच्या डाव्या हातावर मतदानाच्या शाईने शिक्का मारत. घरीच राहायचं, अमुक तारखेपर्यंत. सोय चांगली होती. पण तो हात पदराखाली झाकून घेणाऱ्या बाया मी पाहिल्यात. दौंडला राखीव पोलिसांच्या जवानांमध्ये लागण निघाली, तेव्हा कॅम्पातल्या बायकांकडे दुकानात कसं बघत होते तेही कानावर आलं. नवरा बंदोबस्ताला गेला हा तिचा गुन्हा? इकडे रांजणगाव, सणसवाडी, शिक्रापूरच्या खोल्यांमध्ये राहणारे परप्रांतातले कामगार. त्यांच्या भाड्यावर आपल्या लोकांचे दुमजली बंगले उभे राहिले, आणि महिन्याभरात तेच 'बाहेरचे' झाले. विशेष म्हणजे हे सगळं त्याच भागात, जिथे तुकोबांची पालखी आली की यवतला अख्खं गाव पिठलं-भाकरी करतं, कुठल्या गावचा, कुठल्या जातीचा असं कुणी विचारत नाही. 2020 ला पादुकाच एसटीने पंढरपूरला गेल्या, त्यामुळे ती भाकरी त्या वर्षी थापली गेली नाही.

तू म्हणशील, ताई, जुनं कशाला उगाळतेस. अजून जुनं सांगते, आणि तुझ्या दारातलं. केडगावला बाजाराला जाताना मुक्ती मिशनच्या भिंतीवरून जातेस ना? ते तिथे का आहे? 1896-97 चा दुष्काळ, पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून उपाशी मुली गोळा करून आणल्या. पुण्यात तेव्हा प्लेग. सरकारने त्या मुलींना शहरात ठेवायला मनाई केली, म्हणून बाईंनी त्यांना केडगावच्या आपल्या शेतावर आणलं. (प्लेग विषाणूचा नाही, जिवाणूचा, तुझे सायन्सवाले दीर लगेच दुरुस्त करतील. पण माणसं तशीच वागली.) पुण्यात रँडसाहेबाने गोरे सोल्जर घराघरात घातले. देवघर बघेनात, माजघर बघेनात, आजारी दिसला की उचलून दवाखान्यात, बाकीच्यांची रवानगी छावणीत. मग लोकांनी काय केलं? आजारी माणूस माळ्यावर लपवला, रातोरात गावी पळवला. रोग त्यांच्याबरोबर गावी गेला. रमाबाई सरकारच्या विरोधात उठसूट बोलणाऱ्या नव्हत्या, ख्रिस्ती होत्या, तरी त्यांनी 1897 मध्येच 'बॉम्बे गार्डियन'मध्ये पत्र लिहून प्लेगच्या दवाखान्यांत बायकांचे हाल होतात हे उघड सांगितलं. जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या तो इतिहास तू शाळेत शिकलीस. पण त्याच वर्षीच्या मार्चमध्ये सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या, तेही त्याच साथीत. एकीकडे बुटाने दार उघडणारे, दुसरीकडे रोग्याला पाठीवर घेणारी बाई. लोकांनी आपला माणूस कुणाच्या हवाली केला असता, सांग बरं.

आणि गंमत बघ, साथरोगाचा जो कायदा 1897 च्या फेब्रुवारीत इंग्रजांनी केला, तोच आपल्या सरकारने 2020 च्या मार्चमध्ये बाहेर काढला. एप्रिलमध्ये त्यात वटहुकूम काढून भर घालावी लागली, कारण आशाताई, नर्स, डॉक्टरांवर लोक हात टाकायला लागले होते. आता तशा मारहाणीला पाच वर्षांपर्यंत तुरुंग आहे, गंभीर इजा केली तर सात. वहीत नाव लिहून घ्यायला आलेल्या बाईसाठी असा कायदा लागावा!

जनावरांच्या बाबतीतही तेच. 2021 च्या जानेवारीत तुमच्याच तालुक्यात बोरीबेलला बर्ड फ्लू निघाला. असं झालं की आसपासच्या एक किलोमीटरातले सगळे पक्षी मारून पुरतात. सरकार भरपाई देतं, पण शेडवाल्याच्या मनात पहिला विचार काय येणार? चार कोंबड्या मेल्या हे सांगू की गपचूप खड्ड्यात टाकू? त्याने सांगितल्यावर गावाने त्यालाच शिव्या घातल्या, तर पुढच्या वेळी तो बोलणारच नाही. तुमच्या वस्तीवर कुणाचे पक्षी अचानक मरायला लागले आणि त्याने स्वतःहून पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवलं, तर त्याच्या घरी जाऊन चहा पी. नीट शिजवलेल्या चिकनने काही होत नाही, तेवढं आत्याबाईंनाही सांग.

त्याच वर्षी जुलैत पलीकडे पुरंदरमध्ये, बेलसरला, राज्यातला पहिला झिकाचा रुग्ण सापडला. पन्नाशीतली बाई, बरीही झाली. तो डासाने पसरतो, दिवसा चावणाऱ्या, साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढणाऱ्या. म्हणजे काम काय, तर रांजण-टाक्या झाका, आठवड्याला घासून कोरड्या करा. पण टाकी घासण्यापेक्षा 'बेलसर' हे नाव घेणं सोपं.

आता तुझ्या घरचं. आत्याबाई काढा करतील, कडुनिंबाचा धूर करतील. करू दे. काढ्यावरून सासूशी भांडून काय मिळणार आहे? त्यात तुळस-आलंच असतं ना, पी घोटभर. पण ताप आलेल्याला काढ्यावर चार दिवस ठेवतो म्हणाल्या तर मात्र हटून बस. जावईबापूंना मध्ये घाल, नाहीतर सरळ स्वतः प्राथमिक आरोग्य केंद्र गाठ. पुण्याला नेण्याआधी तिथे दाखव. साथ आहे की साधा सर्दी-ताप, ते त्यांना आधी कळतं, आणि पुण्याच्या व्हायरॉलॉजी संस्थेत नमुना पाठवायचा तर तेच पाठवतात. 104 ला फोन केला तरी सल्ला मिळतो.

ग्रुपवर काही आलं तर दोनच गोष्टी बघ: तारीख आहे का, आणि गाव-तालुका आहे का. नसेल तर ते आपल्याजवळच थांबू दे. 2020 ला रात्री हेलिकॉप्टरने औषध फवारणार म्हणून लोक कपडे काढून आत नेत होते, विहिरीवर ताडपत्री टाकत होते. कुठेतरी जन्मल्या जन्मल्या बाळ बोललं, कोरा चहा प्या म्हणालं, म्हणून मध्यरात्री चुली पेटल्या. चहाने कुणाचं नुकसान झालं नाही, जाऊ दे. पण 'अमक्या आळीतल्या तमक्याला झालंय' असा एक मेसेज गेला, की त्या घराचं दूध डेअरी घेत नाही, पोरांना पाण्याच्या टाकीवर येऊ देत नाहीत, आणि ते घर पुढच्या वेळी आजार सांगत नाही. गप्पांत कुणी विचारलं, "कुणाला झालाय गं?" तर म्हणायचं, मला माहीत नाही. माहीत असलं तरी.

आणि कुणाला वेगळं ठेवायची वेळ आलीच तर पहिल्या दिवशी डबा तू घेऊन जा. आत जाऊ नको, तोंडाला फडकं बांध, लांबूनच हाक मार, चार शब्द बोल. आजारी माणसाशी कुणीतरी धड बोलतंय हे वस्तीवर दिसलं, की बाकीच्या घरांतला ताप आपोआप बाहेर येतो. तो बाहेर आला तरच आशाताईच्या वहीत चढेल.

तिचा नंबर आजच मोबाइलमध्ये टाकून ठेव. घरात कुणाला ताप आला, तर पहिला फोन तिला, दुसरा मला.