हजहून परतल्यावर सात रोजे कशाचे?

प्रश्न : आमच्या शेजारचे हाजीसाहेब बकरी ईदनंतर नागपूरला विमानाने उतरून घरी आले. भेटायला गेलो तर त्यांचा रोजा! म्हणाले, ‘अजून पाच राहिलेत.’ रमजान नसताना हे रोजे कसले? काशीयात्रेनंतर आपण मावंदे घालतो, तसाच हा प्रकार का?
– एक वाचक, आर्वी

उत्तर : मावंदे आठवणे साहजिक आहे, पण हे तसे नाही. हजची सांगता म्हणून रोजे धरावेत असा नियम नाही. स्वखुशीच्या रोज्यांना नफ्ल म्हणतात आणि ते कोणी ‘राहिलेत’ म्हणून मोजत नाही. हाजीसाहेब मोजताहेत, म्हणजे हे रोजे बहुधा कुर्बानीच्या बदल्यातले आहेत.

भारतातले बहुतेक यात्रेकरू ‘तमत्तो’ पद्धतीने हज करतात. आधी उमरा, म्हणजे मक्केची छोटी यात्रा, करून इहराम (यात्रेकरूचा पोशाख) उतरवायचा आणि 8 जिल्हजला, म्हणजे हजच्या चांद्रमहिन्याच्या आठ तारखेला, तो पुन्हा बांधून हजला लागायचे. एकाच प्रवासात दोन्ही घडतात, म्हणून कुर्बानी द्यावी लागते. ज्याला ती जमत नाही, त्याला कुराणाच्या सूरह बकरातील 196 व्या आयतीत दहा रोजे सांगितले आहेत : तीन हजच्या दिवसांत, सात परतल्यावर. हे ऐच्छिक नाहीत, मात्र सात रोजे सलगच धरले पाहिजेत असेही नाही.

हजमध्ये जितके उपवास तितके पुण्य, हाही एक गैरसमज. 9 जिल्हजच्या, म्हणजे अरफाच्या नफ्ल रोज्याचे मोल मोठे, पण ते घरी राहिलेल्यांसाठी. अरफातच्या मैदानात दिवसभर दुआ मागायची तर अंगात त्राण हवे. स्वतः पैगंबरांनी तिथे सर्वांदेखत दूध घेतले होते. पुढे 10 ते 13 जिल्हज नफ्ल रोजा वर्ज्यच, कारण ते खाण्यापिण्याचे दिवस. दर चांद्रमहिन्याच्या 13, 14, 15 तारखांना रोजा धरणाऱ्यांचाही या महिन्यात पहिला दिवस त्यामुळे गळतो.

त्यानंतर हाजी असो वा नसो, नफ्ल रोजे कोणीही धरावेत. सोमवार-गुरुवारचे आहेत, महिन्याभराने मोहरमचे 9 आणि 10 तारखेचे आहेत.

एक विनंती. कुर्बानी का दिली नाही, हे हाजीसाहेबांना विचारू नका. त्यामागे पैशांची ओढाताण असू शकते. आणि रोज्यात पाण्याचा घोटही चालत नाही, तेव्हा भेटायला मगरिबनंतर, म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर जा. झमझमचे पाणी आणि खजूर तुमच्याबरोबर त्यांनाही घेता येईल.