पाठीचा मणका मोडल्यावर आई होता येते का?

सुगीच्या दिवसांत ट्रॉलीवरून, गंजीवरून किंवा माळ्यावरून पडून पाठीचा मणका मोडतो. घरातल्या तरुण सुनेवर असा प्रसंग आला की सर्वांच्या मनात एकच प्रश्न असतो : हिला आता मूल होईल का? डॉक्टरांना विचारण्यापूर्वीच शेजारीपाजारी 'नाही' असे उत्तर देऊन टाकतात आणि मुलीला माहेरी धाडण्याची भाषा सुरू होते. म्हणून माताभगिनींनो, हा विषय नीट समजून घेऊ या.

आपल्या कण्यात मणके एकावर एक रचलेले असतात व त्यांच्या पोकळीतून मज्जारज्जू जातो. नुसता मणका दबला असेल व मज्जारज्जू शाबूत असेल, तर हाड साधारणपणे तीन महिन्यांत सांधते. गर्भाशयाला त्याने इजा होत नाही. मज्जारज्जूला मार बसून पाय लुळे पडले, तर पाळी काही महिने थांबू शकते. पण बहुधा ती परत येते व गर्भही राहू शकतो.

तेव्हा प्रश्न 'होईल का' हा नसून 'केव्हा व कशी तयारी करून' हा आहे.

१. हाड पूर्ण सांधेपर्यंत थांबावे. किती, ते हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे पाहून सांगावे. एक्स-रे गर्भ राहण्यापूर्वीच काढून घ्यावा. शस्त्रक्रियेत सळ्या व स्क्रू बसवले असतील, तर ते कागद जपून ठेवावेत.

२. किरकोळ पडण्यानेच हाड मोडले असेल, तर कारण शोधावे. मणक्याचा क्षयरोग किंवा हाडांचा ठिसूळपणा आधी बरा करावा लागतो.

३. चालू औषधे डॉक्टरांना दाखवावीत. वेदनेच्या व नसांच्या काही गोळ्या गर्भाला अपायकारक असतात. मात्र त्या मनाने बंद करू नयेत.

४. गर्भधारणेच्या निदान एक महिना आधीपासून रोज 400 मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड घ्यावे. दूध, ताक, तीळ, नाचणी, हरभरा व पालेभाज्या आहारात असाव्यात. रक्त तपासून पांडुरोग असल्यास भरून काढावा.

५. पाठीचे स्नायू हळूहळू बळकट करावेत. रोज चालावे व शिकवलेले व्यायाम करावेत. हंडा, गवताचा भारा, वाकून कापणी ही कामे घरच्यांनी वाटून घ्यावीत. चोळणे, पायाळू माणसाकडून लाथ मारून घेणे असले उपाय मुळीच करू नयेत. त्याने सांधत आलेला मणका सरकून कायमचे पांगळेपण येऊ शकते.

६. मणका मोडला होता एवढ्यानेच सिझेरियन करावे लागत नाही. परंतु पाठीत सुई देऊन भूल देता येईल का, हे भूलतज्ज्ञांनी आधीच ठरवावे. म्हणून बाळंतपण मोठ्या इस्पितळातच करावे. पाय लुळे असतील, तर कळा जाणवणार नाहीत असेही होते. लघवीचे विकार व अंगावर जखमा यांची भीती असते. मणका वरच्या भागात मोडलेला असल्यास रक्तदाब एकाएकी चढतो. तीव्र डोकेदुखी व घाम आल्यास तत्काळ 108 ला फोन करावा.

2016 पासून दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते. उज्जैनच्या भगिनींनी तिचा लाभ घ्यावा व जुने एक्स-रे बरोबर न्यावेत.

वेल्लोरच्या डॉ. मेरी वर्गीज यांचा कणा 1954 मध्ये मोटार अपघातात मोडला व पाय गेले. त्यांनी चाकाच्या खुर्चीत बसून कुष्ठरोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या. मोडलेल्या पाठीने माणूस निकामी होत नाही. सासूबाईंनी घाई करू नये, नवऱ्याने प्रत्येक तपासणीला सोबत जावे. वर्षभराचा धीर मूल व आई या दोघांच्याही जिवाला आधार ठरतो.