पोलादी पिस्तुलाची पारख

खंडेनवमीच्या दिवशी आपल्या मराठवाड्यातील शेतकऱ्याच्या घरी विळा, कुऱ्हाड, खुरपे, पास धुऊन पुसून मांडतात आणि त्यांना हळदकुंकू वाहतात. नांदेडकरांना तर शस्त्राचे दर्शन मुळीच नवे नाही. गुरू गोविंदसिंहांनी १७०८ साली येथे देह ठेवला. त्यांची शस्त्रे सचखंड गुरुद्वाऱ्यात आजही आदराने जतन केलेली आहेत. मुक्तिसंग्रामातील उमरी बँकेची १९४८ सालची हकीगत तर आपण आजोबांच्या तोंडून ऐकतच वाढलो. तात्पर्य, आपल्या भागात शस्त्राविषयी आदर आहे आणि कुतूहलही आहे. परंतु शस्त्राची पारख आहे काय? प्रस्तुत लेखाचा हेतू या प्रश्नाचे एका मर्यादेत उत्तर शोधण्याचा आहे.

हा प्रश्न मला पडला तो एन. सी. सी.च्या शिबिरात. पॉइंट टू टू रायफलीने पंचवीस मीटरवर पाच गोळ्या झाडायच्या होत्या. माझ्या पाचही गोळ्या कागदावर विखुरल्या. मी मोठ्या धिटाईने म्हणालो, "उस्ताद, रायफल खराब आहे." उस्तादांनी उत्तर दिले नाही. त्यांनी तीच रायफल घेतली, आडवे होऊन पाच गोळ्या झाडल्या आणि कागद माझ्या हातात दिला. पाचही भोके एका रुपयाच्या नाण्याखाली झाकली जात होती. त्या दिवशी मला दोन गोष्टी कळल्या. एक, शस्त्राला दोष देण्यापूर्वी स्वतःचा हात तपासावा. दुसरी, शस्त्राचा दोष आणि हाताचा दोष वेगळे काढण्याची एक रीत असते.

त्याच शिबिरात सैन्याच्या शस्त्रांचे प्रदर्शन होते. ब्लँकेट अंथरलेल्या टेबलावर एक काळेभोर पोलादी पिस्तूल होते. खाली पाटीवर लिहिले होते : 'पिस्तूल ऑटो ९ एमएम १ए'. लातूर जिल्ह्यातला माझा एक मित्र त्यापुढून हलेना. रायफलीच्या नेमबाजीत तो आमच्यात पहिला आलेला. रात्री तंबूत तो म्हणाला, "असलं पिस्तूल मिळालं तर मी राज्यात नंबर काढीन. यंदाच्या सोयाबीनचे पैसे आले की वडिलांना सांगतो." एका कुटुंबाच्या वर्षभराच्या कमाईचा प्रश्न होता. म्हणून आम्ही दोघांनी ठरविले, की आधी या वस्तूचा अभ्यास करायचा आणि मग वडिलांपुढे तोंड उघडायचे.

कुळकथा

या पिस्तुलाचे मूळ बेल्जियममधील आहे. प्रख्यात अमेरिकन शस्त्रकार जॉन ब्राउनिंग याने त्याची आखणी सुरू केली; परंतु १९२६ साली त्याचे निधन झाले. पुढे द्यूदोने सैव्ह या बेल्जियन तंत्रज्ञाने ती पूर्ण केली आणि १९३५ साली हे पिस्तूल बेल्जियमच्या सैन्यात दाखल झाले. 'ब्राउनिंग हाय पॉवर' या नावाने ते जगभर गेले. त्याच्या मॅगझिनमध्ये १३ काडतुसे बसत. त्या काळच्या बहुतेक पिस्तुलांत सात-आठच बसत. दुसऱ्या महायुद्धात कॅनडातील इंग्लिस कंपनीने हेच पिस्तूल दोस्त राष्ट्रांसाठी बनविले. आपल्याकडील १ए हे त्याच घराण्यातले असून ते पश्चिम बंगालमधील ईशापूर येथील रायफल कारखान्यात तयार होत आले आहे.

त्याचे वजन रिकामे असताना नऊशे ग्रॅम ते एक किलोच्या दरम्यान, लांबी सुमारे २०० मिलिमीटर आणि नळी सुमारे ११८ मिलिमीटर. सांगाडा आणि स्लाइड दोन्ही पोलादाची. अलीकडच्या अनेक पिस्तुलांचा सांगाडा प्लॅस्टिकसारख्या पदार्थाचा असतो. तेव्हा पहिला प्रश्न असा, की पोलादाचा हा भार नेमबाजाला उपकारक की त्रासदायक?

वजनाचा हिशेब

अकरावीच्या भौतिकशास्त्रातील संवेगाचा नियम येथे उपयोगी पडतो. ९ एमएमची गोळी साधारण साडेसात ग्रॅमची असते आणि ती सेकंदाला सुमारे ३५० मीटर वेगाने निघते. तिचा संवेग झाला सुमारे २.६. तितकाच संवेग उलट्या दिशेने पिस्तुलाला मिळतो. (बाहेर पडणाऱ्या वायूचा भाग येथे सोयीसाठी सोडून दिला आहे.) पिस्तूल ९०० ग्रॅमचे असेल, तर ते सेकंदाला २.९ मीटर वेगाने मागे येईल. ६०० ग्रॅमचे असेल, तर ४.४ मीटर वेगाने. धक्क्याची ऊर्जा काढली, तर हलक्या पिस्तुलाची ऊर्जा जड पिस्तुलाच्या दीडपट भरते. म्हणजे पोलादी पिस्तूल कमी उसळते, पुढच्या गोळीसाठी लवकर जागेवर येते आणि नवशिक्याच्या मनात धक्क्याची भीती कमी बसते.

परंतु नाण्याला दुसरी बाजू आहे. स्पर्धेत पिस्तूल एका हातात, हात सरळ ताणून धरावे लागते. एक किलोचे वजन असे धरून पाहावे. पहिल्या मिनिटात काही वाटत नाही. तिसऱ्या मिनिटाला खांदा भरून येतो आणि माशी थरथरू लागते. तेव्हा वजन गुणकारी खरे, पण ते पेलणारा खांदा आधी तयार हवा.

माशी आणि खाच

नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि निशाण यांचा मेळ घालतात. खाच व माशी यांतले अंतर जितके जास्त, तितकी चूक कमी. ९ एमएम १एच्या घराण्यात हे अंतर सुमारे १६० मिलिमीटर आहे. समजा, माशी खाचेत एक मिलिमीटरने बाजूला सरली. पंचवीस मीटरवर गोळी किती सरकेल? २५,००० भागिले १६० म्हणजे सुमारे १५६ मिलिमीटर. हेच अंतर २२० मिलिमीटर असते, तर गोळी ११४ मिलिमीटर सरकली असती. पंचवीस मीटरच्या अचूक नेमाच्या निशाणावर दहा गुणांचे वर्तुळ अवघे ५० मिलिमीटर व्यासाचे असते. एक मिलिमीटरची किंमत किती, हे यावरून कळावे. आंतरराष्ट्रीय नियमांत सेंटर फायर पिस्तुलासाठी या अंतराची कमाल मर्यादा २२० मिलिमीटरच आहे. म्हणजे खास स्पर्धेसाठी बनविलेली पिस्तुले या मर्यादेच्या जवळ नेता येतात. सैनिकी पिस्तुलाची माशी शिवाय लहान आणि पक्की असते. स्क्रू फिरवून ती वरखाली करता येत नाही. खिशातून काढताना अडकू नये म्हणून ते योग्यच. नेमबाजीला मात्र अडचणीचे.

चाप

माझ्या मते पिस्तुलाची खरी परीक्षा चापाजवळ होते. नेम कितीही चांगला असो, चाप ओढताना मनगट हलले तर सारे व्यर्थ. एन. सी. सी.त आपल्याला 'मजबूत पकड, दुरुस्त शिस्त, दुरुस्त ट्रिगर ऑपरेशन' असे तीन मंत्र शिकवितात. त्यांत तिसराच बहुतेकांना नडतो.

हाय पॉवर हे एकेरी क्रियेचे पिस्तूल आहे. आधी घोडा मागे ओढलेला असावा लागतो. चाप फक्त तो सोडण्याचे काम करतो. त्यामुळे चापाची ओढ लहान असते. हा गुण झाला. दोष असा, की जुन्या आखणीत मॅगझिन काढल्यावर गोळी सुटू नये म्हणून एक जादा खीळ बसविलेली होती आणि ती चापाला जोडलेली होती. चाप ओढताना ही खीळ मॅगझिनवर घासते आणि ओढ जड व खरखरीत लागते. सुरक्षिततेसाठी केलेली सोय नेमाच्या आड आली. शिवाय काही नमुन्यांत स्लाइड मागे येताना घोड्याचे टोक अंगठ्याजवळच्या मांसाला चिमटा काढते. ज्याचा पंजा मोठा, त्याला हे लवकर कळते.

स्पर्धेच्या नियमाप्रमाणे सेंटर फायर पिस्तुलाचा चाप निदान १००० ग्रॅम वजन उचलणारा असावा लागतो. हा आकडा लहान हवा की मोठा, हा प्रश्न दुय्यम आहे. ओढ प्रत्येक वेळी सारखी लागते काय, हे आधी पाहावे. दहा वेळा सारखी लागणारी जड ओढ ही दहा वेळा वेगवेगळी लागणाऱ्या हलक्या ओढीपेक्षा बरी.

पारख करण्याची रीत

आता उस्तादांनी सांगितलेली रीत क्रमाने देतो. ही सर्व परीक्षा मान्यताप्राप्त रेंजवर, जाणकाराच्या देखरेखीखालीच करावयाची, हे सांगणे न लगे.

पहिली पायरी सुरक्षिततेची. प्रत्येक शस्त्र भरलेले आहे असे समजावे, नळी सुरक्षित दिशेला ठेवावी, बोट चापाबाहेर ठेवावे. मॅगझिन काढले तरी नळीत एक काडतूस राहू शकते. म्हणून स्लाइड मागे ओढून डोळ्यांनी पाहावे.

दुसरी पायरी मुठीची. रिकामे पिस्तूल निशाणाकडे ताणून धरावे, डोळे मिटावेत, दोन श्वास घ्यावेत आणि डोळे उघडावेत. माशी खाचेच्या मध्याजवळ असेल, तर मूठ आपल्या हाताला मानवते. दर वेळी ती एकाच बाजूला गेलेली दिसली, तर मूठ आपली नाही.

तिसरी पायरी टेकूची. वाळूच्या पिशवीवर हात टेकून पाच गोळ्या सावकाश झाडाव्यात आणि सर्वांत दूरच्या दोन भोकांच्या मध्यांतील अंतर मोजावे. असे निदान तीन कागद घ्यावेत. नंतर टेकूशिवाय तितक्याच गोळ्या झाडाव्यात. टेकूवरचा पसारा बव्हंशी पिस्तुलाचा आणि काडतुसाचा; त्यावर जो वाढला तो आपला. समजा, टेकूवर पसारा ७५ मिलिमीटर आला. नऊ गुणांचे वर्तुळ १०० मिलिमीटरचे असते. म्हणजे ते पिस्तूल आपल्याला नऊ-दहाच्या आत ठेवू शकते. तरीही आपल्या गोळ्या सहाच्या वर्तुळात पडत असतील, तर पिस्तूल बदलून काय होणार? माझ्या शिबिरातल्या रायफलीचे कोडे येथे सुटले.

चौथी पायरी विश्वासाची. किती गोळ्यांत किती वेळा काडतूस अडकले, हे वहीत टिपावे. स्मरणावर विसंबू नये. सेंटर फायर स्पर्धेत साठ गोळ्या असतात : तीस अचूक नेमाच्या आणि तीस जलद नेमाच्या. जलद फेरीत निशाण तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद फिरून असते. तेथे काडतूस अडकले, की लय मोडते.

निकाल

साठ गोळ्या, सहाशे गुण. गुणांचा हिशेब लातूरकरांना शिकवावा लागत नाही! याच सेंटर फायर प्रकारात जसपाल राणा यांनी २००६ च्या दोहा आशियाई स्पर्धेत ५९० गुण मिळवून विश्वविक्रमाची बरोबरी केली. आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी पंचवीस मीटर पिस्तूल प्रकारात २०१३ साली विश्वचषकाचे आणि २०१८ साली जकार्ताच्या आशियाई स्पर्धेचे सुवर्णपदक जिंकले. त्यांचा हा प्रकार मात्र ९ एमएमचा नसून पॉइंट टू टूचा. यश मिळते ते खेळासाठी घडविलेल्या शस्त्रावर आणि वर्षानुवर्षांच्या सरावावर.

तेव्हा आमचा निकाल असा : ९ एमएम १ए हे टिकाऊ, भरवशाचे आणि धक्का पचविणारे सैनिकी पिस्तूल आहे. रेंजवर पकड आणि चाप शिकायला ते वाईट नाही. परंतु आखूड नेमरेषा, पक्की माशी आणि खरखरीत चाप यांमुळे ते पदकाचे हत्यार नव्हे. ज्या कामासाठी ते घडविले, ते काम वेगळे आहे.

आणि कायद्याची बाब तर याहून निर्णायक. ९ एमएम हा प्रतिबंधित बोअर असून सामान्य नागरिकाला तो बाळगता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने प्रतिबंधित शस्त्र बेकायदा बाळगण्याची शिक्षा सात ते चौदा वर्षांची झाली. वरातीत हवेत गोळी झाडण्यालाही दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, अथवा दोन्ही, अशी तरतूद झाली. कोणी 'गावठी' दाखवू लागला, तर त्याच्यापासून चार हात दूर राहावे. ते हत्यार निशाणापूर्वी झाडणाऱ्याचा हात घेण्याची शक्यता अधिक.

मग होतकरू नेमबाजाने काय करावे? दहा मीटरच्या एअर पिस्तुलापासून प्रारंभ करावा. ४.५ मिलिमीटर बोअरच्या आणि २० ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला २०१६ च्या नियमांप्रमाणे परवाना लागत नाही. त्याचे दहाचे वर्तुळ ११.५ मिलिमीटरचे असते. तेथे गर्व आपोआप उतरतो. मोठी रेंज हवी तर पुण्याला बालेवाडीस रात्रभराची एसटी आहे. पण दहा मीटरची जागा एखाद्या महाविद्यालयाच्या रिकाम्या दालनातही, योग्य आडोसा आणि देखरेख असेल तर, निघू शकते. आपल्या क्रीडा विभागाने याचा जरूर विचार करावा, ही या निमित्ताने नम्र सूचना.

माझ्या मित्राने वडिलांपुढे पिस्तुलाचा विषय काढलाच नाही. सोयाबीनचे पैसे बियाण्याला आणि बहिणीच्या फीला गेले. तो सध्या रोज पहाटे किराणा दुकानातले एक किलोचे वजन ताणलेल्या हातात धरून भिंतीवरच्या ठिपक्याकडे पाहत उभा राहतो आणि किती सेकंद हात स्थिर राहिला, ते वहीत लिहितो. गेल्या आठवड्यात त्याने वही मला दाखविली. पहिल्या पानावर आठ सेकंद होते, शेवटच्यावर एकोणतीस. पारख पिस्तुलाची करायला निघालो होतो. ती आधी हाताची झाली, हे बरेच झाले.